उडालेली मात्रा

आजीला अक्षरओळख नव्हती. तरी माझ्या आयुष्यातली पहिली मुद्रितशोधक तीच. श्रावणातल्या सोमवारी ती मला पाटावर बसवायची, पुढ्यात शिवलीलामृताची पोथी ठेवायची आणि म्हणायची, "हं, अकरावा काढ." मी दुसरीत. अर्थ कळण्याचा प्रश्नच नव्हता. ओळीखाली बोट धरून मी एकेक अक्षर उचलत जायची आणि वाती वळता वळता, मान वरही न करता, आजी मध्येच म्हणायची, "अंहं. परत." अध्याय तिला ऐकून ऐकून पाठ होता. मी एखादा काना गिळला की तिच्या कानाला ठेच लागायची.

घरात आजोबांच्या माघारी ट्रंकभर पुस्तकं उरली होती, सगळी जुन्या छपाईची. पोथी झाली की मी त्या ट्रंकेत शिरायची. तिथे अनुस्वारांचा पाऊस होता: नांव, गांव, पांच, कांहीं, मीं. मला वाटायचं, छापील मराठी अशीच असते. तिसरीत निबंधात मी लिहिलं, 'आम्ही भाड्याच्या घरांत राहतो.' बाईंनी तांबड्या शाईने टिंब खोडलं आणि शेजारी लिहिलं, 'किती घरं?'

मला काहीच कळलं नाही. कळायला पुढे छापखान्यात जावं लागलं. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे १४ नियम १९६२ साली आले, १९७२ मध्ये आणखी ४. न उच्चारले जाणारे अनुस्वार त्यांनी काढून टाकले आणि 'घरांत' हे रूप फक्त अनेकवचनासाठी ठेवलं. म्हणजे दोन खोल्यांत राहणाऱ्या आमच्या कुटुंबाला मी एका टिंबासरशी कितीतरी घरं भाड्याने घेऊन दिली होती. नियम माझ्यापेक्षा वर्षाने लहान आणि माझी पुस्तकं माझ्यापेक्षा तीस वर्षांनी मोठी, असा तो घोळ. नियम मी गेली चाळीस वर्षं पाळते आणि पाळायला लावते. पण 'नाम'चं 'नांव' झालं, 'पंच'चं 'पांच' झालं, तेव्हा शब्द झिजता झिजता त्यातला नाकातला आवाज टिंब होऊन मागे उरला होता, हे समजल्यावर बाईंच्या तांबड्या रेघेचा मला थोडा राग आला. तो अजून आहे.

१९८३ मध्ये मी पुण्यातल्या एका छापखान्यात लागले. कॉलेजात असताना ग्रंथालयातून रोज एक कादंबरी आणून संपवणारी मुलगी मी. वाचायचे पैसे मिळणार म्हणून हरखले होते. पहिल्याच दिवशी तिथल्या वयस्क तपासनिसांनी, त्यांना सगळे मास्तर म्हणत, गॅली प्रूफ पुढे सरकवलं. मी दहा मिनिटांत वाचून दिलं. त्यांनी त्यात अकरा चुका काढल्या आणि म्हणाले, "तुम्ही गोष्ट वाचलीत. अक्षरं कोण वाचणार?"

आता सांगते ते धंद्यातलं खरं गुपित आहे. वाचताना डोळा ओळीवरून सरकत नाही, उड्या मारतो. प्रत्येक थांबा सेकंदाच्या सुमारे पाव भागाचा. तेवढ्यात शब्दाची ठेवण दिसते आणि उरलेलं मन भरून काढतं. वाचनात मुरलेला माणूस जितका तरबेज, तितकी त्याची भर घालण्याची खोड मोठी. 'दीनदर्शिका' छापलेलं असलं तरी तो 'दिनदर्शिका'च वाचतो आणि गरिबांची यादी भिंतीवर टांगतो. मास्तरांनी माझी ही खोड मोडली. जाड पुठ्ठ्याची पट्टी ओळीखाली धरायची, म्हणजे पुढची ओळ दिसतच नाही. मूळ प्रत एकाने मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने प्रुफावर ताडायची. वाचणाऱ्याने "स्वल्पविराम", "अवतरण सुरू", "परिच्छेद" हेसुद्धा म्हणायचं. बोट, ओळ, आवाज, "परत". पंधरा वर्षं खपून ज्या वाचनातून मी बाहेर पडले होते, त्याच दुसरीच्या पाटावर मला आणून बसवलं.

खिळ्यांच्या छपाईत एक चूक कुणाचीच नसायची. अक्षराच्या वर झुकलेली मात्रा किंवा रफार म्हणजे शिशाचा नाजूक तुकडा. छपाईच्या दाबाखाली तो तुटायचा. पहिली काही शे पानं ठीक, पुढे 'मेळा'चा 'मळा'. 'मात्रा उडाली' असं म्हणत, जणू चिमणी उडाली. मशीन प्रूफ तपासून सही केलेल्या फर्म्यातही हे व्हायचं.

माझ्या हातून झालेल्या चुकीला मात्र असली सबब नव्हती. एका वयस्क लेखकाचं पहिलंच पुस्तक. दोनशे चाळीस पानं मी डोळ्यांत तेल घालून तपासली. अर्पणपत्रिकेवर मोठ्या टायपात 'तीर्थरुप आईस' गेलं. रु आणि रू यांतला फरक एवढासा. त्यातून मोठी अक्षरं कुणी वाचत नाही, नुसती बघतो. ते गृहस्थ प्रत आणि पेढे घेऊन आले. काही बोलले नाहीत. पान उघडून मला दाखवलं, मिटलं, आणि पेढा हातावर ठेवला. त्या पेढ्याची चव मला सांगता येणार नाही.

व्हायचं तेच झालं. हौसेचं वाचन गेलं. एका गाजलेल्या कादंबरीचं काम संपवून घरी आले तर नवऱ्याने विचारलं, "गोष्ट काय आहे?" मला एवढंच सांगता आलं की नायिकेची नणंद चौथ्या प्रकरणापर्यंत मालती आहे आणि नंतर मालिनी. दिवाळी अंकांची कामं तर गणपतीतच टेबलावर येतात. १९०९ मध्ये का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आमच्या जमातीचे गणपती असेच जात असावेत. तुम्ही फराळ करत अंक चाळता तेव्हा आम्हाला कागद बघवत नाही. लग्नपत्रिका, औषधाची चिठ्ठी, बसची पाटी, सगळीकडे माझा डोळा पेन्सिल घेऊनच फिरे.

मग संगणक आला. खिळे भंगारात गेले, मात्रा उडेनाशी झाली, त्याऐवजी एका फाँटमधून दुसऱ्यात जाताना रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसू लागला. तपासणीची सोयही आली. पण 'सुत' आणि 'सूत' दोन्ही बरोबर असल्यावर यंत्र बिचारं काय करणार?

वडिलांची दृष्टी गेली तेव्हा रोज संध्याकाळी मी त्यांना वाचून दाखवू लागले. पहिल्या दिवशी सवयीने म्हटलं, "तो उठला स्वल्पविराम चालू लागला पूर्णविराम." ते इतके हसले की ठसका लागला. त्यानंतर मी नीट वाचू लागले, आणि एका संध्याकाळी पान उलटताना लक्षात आलं, की पुढे काय होणार याची मला उत्सुकता लागली होती. मोठ्याने वाचताना घाई करता येत नाही. अक्षरही सुटत नाही आणि गोष्टही.

आजीची पोथी गेल्या वर्षी माझ्याकडे आली. कडा पिवळ्या, हळदीचे डाग. अकरावा अध्याय काढला, पुठ्ठ्याची पट्टी आपोआप ओळीखाली गेली. मधल्या एका पानावर मी अडखळले. शब्दावरची मात्रा उडालेली होती. भिंगातून पाहिलं, मागमूसही नाही. पण ती ओळ मला पाठ आहे, मात्रेसकट. दुसरीत मी ती या पानावरूनच वाचत होते, आणि इथे "अंहं, परत" झालं होतं. कागदावर नसलेली ती मात्रा मला आजीकडून मिळाली होती.