मांडवीची जकात आणि वहिनींचा फराळ

बडोद्याचं जुनं शहर समजायला अगदी सोपं आहे. चार दिशांना चार दरवाजे. पश्चिमेला लेहरीपुरा, पूर्वेला पाणीगेट, उत्तरेला चांपानेर आणि दक्षिणेला गेंडीगेट. कुठल्याही दरवाज्यातून आत शिरून सरळ चालत राहिलं की मधोमध मांडवी लागते. मांडवी या शब्दाचा जुना अर्थ जकातीचं ठाणं. माल घेऊन बाजारात यायचं, तर आधी तिथे पैसे मोजायचे.

आपल्यापैकी बहुतेकांची घरं आता मांजलपूर, गोत्री, वाघोडिया रोड अशी लांब पसरली आहेत. तरी दिवाळी जवळ आली की पाय जुन्या शहराकडे वळतातच. मीही गेल्या दिवाळीआधी चार-पाच वेळा गेले. कारण होतं माझ्या चुलत वहिनींचा फराळ. त्या दांडिया बाजारात राहतात आणि ऑर्डरप्रमाणे चकल्या, कडबोळी, चिरोटे, अनारसे करून देतात. शेजारच्या गुजराती घरांतूनही मागणी असते. ती मंडळी घुघरे आणि मठिये घरी करतात, पण चकली मात्र वहिनींचीच लागते. वर्षाच्या कमाईतला मोठा भाग दसरा ते दिवाळी या वीस दिवसांत येतो. मदतीला दोन बायका असतात, त्यांचीही दिवाळी याच पैशांवर होते.

सहा वर्षांपूर्वी वहिनींच्या मुलाने एका ॲपवर त्यांच्या फराळाचं पान उघडून दिलं. हळूहळू चार हजार माणसं जमली. ती काही वाटेवरची माणसं नव्हेत, बरीचशी फराळ खाऊन गेलेली. गेल्या दसऱ्याला वहिनींनी नेहमीप्रमाणे यादी आणि भाव टाकले. दोन दिवसांनी मुलाने आकडा दाखवला. जेमतेम तीनशे जणांना ती यादी दिसली होती. खाली निळं बटण होतं. पाचशे रुपये भरा, आणखी लोकांपर्यंत पोहोचा. वर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे ५९० रुपये.

वहिनींनी लगेच हिशोब मांडला. "किलोमागे मला पन्नास-साठ रुपये सुटतात. म्हणजे दहा-अकरा किलो चकल्या मी त्या बटणासाठी तळायच्या? आणि ही माणसं माझीच ना गं?"

प्रश्न साधा होता, पण उत्तर शोधायला मला थोडं मागे जावं लागलं. फेसबुकने पानांच्या पोस्ट पैसे घेऊन पुढे ढकलण्याची सोय २०१२ मध्ये सुरू केली. त्या वर्षी कंपनीचंच म्हणणं होतं की पानावरची पोस्ट सरासरी १६ टक्के अनुयायांपर्यंत जाते. २०१४ च्या सुरुवातीला ओगिल्वी या जाहिरात कंपनीने पाहणी केली, तेव्हा हा आकडा सहा टक्क्यांच्या आसपास आला होता. २०१६ मध्ये इन्स्टाग्रामनेही नवं ते आधी हा वेळेचा क्रम सोडला आणि काय वर दाखवायचं ते यंत्र ठरवू लागलं. २०१८ च्या जानेवारीत फेसबुकने जाहीर केलं की मित्र आणि कुटुंबीय यांच्या पोस्टना प्राधान्य मिळेल, धंद्यांच्या पोस्ट मागे जातील.

कंपनीची बाजूही ऐकायला हवी. २०१४ मध्ये तिने सांगितलं होतं की एखादा माणूस फेसबुक उघडतो तेव्हा त्याला दाखवता येतील अशा सरासरी १५०० गोष्टी साठलेल्या असतात. त्यातल्या ३०० च्या आसपास निवडून दाखवल्या जातात. सगळंच दाखवलं तर कुणाला काहीच धड दिसणार नाही. हे खोटं नाही. मंगल बाजारात संध्याकाळी सहा वाजता उभं राहून पाहा. चणिया-चोळी, बांगड्या, चपला, पडदे, सगळे एकदम हाका मारतात आणि आपण त्यातल्या दोन-तीनच दुकानांत शिरतो.

फुकट तर जुन्या बाजारातही काही नव्हतं. लेहरीपुऱ्याच्या तोंडाशी दुकान हवं तर पागडी जबर, गल्लीच्या आत हवं तर कमी. माणसांच्या वाटेवर बसण्याचे पैसे व्यापारी पिढ्यान् पिढ्या मोजत आले आहेत.

मग फरक कुठे? तो मला न्यायमंदिराजवळच्या एका पूजासाहित्याच्या दुकानात कळला. तिथले काका गुजराती, पण मराठी आपल्यासारखंच बोलतात. त्यांना मी वहिनींची गोष्ट सांगितली. ते हसले आणि गल्ल्याखालचा लाल चोपडा काढून दाखवला. दिवाळीला चोपडापूजन होतं तोच चोपडा. त्यात हिशोबाबरोबर एका बाजूला गिऱ्हाइकांची नावं, फोन नंबर आणि कुणाकडे कुठलं कार्य असतं त्याच्या नोंदी.

"बेन," ते म्हणाले, "मी पण पैसे भरतो. नवरात्रीआधी भरतो, गणपतीआधी भरतो. युनिव्हर्सिटीत शिकायला आलेली मुलं, नव्या सोसायट्यांतली माणसं, त्यांना मी कुठे माहीत असणार? ती जाहिरात झाली. पण जुन्या गिऱ्हाइकाला निरोप द्यायला तिसऱ्याला पैसे कशाला? त्याचा नंबर माझ्याकडे आहे."

मला हे पटलं. नवं गिऱ्हाईक शोधायला पैसे देणं म्हणजे जाहिरात. ती वर्तमानपत्रात देत होतो, भिंतीवर रंगवत होतो, आता फोनवर देतो. पण बांधलेल्या गिऱ्हाइकापर्यंत जायला दर वेळी पैसे मोजणं ही जकात झाली. रस्त्यावरच्या दुकानात हे होत नाही. ओळखीचं माणूस दारावरून गेलं तर दुकान त्याला दिसतंच. पडद्यावर मात्र रस्ता दुसऱ्याच्या मालकीचा असतो, आणि त्या दिवशी दुकान दाखवायचं की झाकायचं हे मालक ठरवतो. अनुयायी म्हणून जो आकडा आपण अभिमानाने सांगतो, ती यादी आपल्या हातात कधी नसतेच.

काकांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती धंदा करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत एका वेळी २५६ जण घेता येतात, पण निरोप फक्त त्यांनाच पोहोचतो ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवला आहे. म्हणून ते प्रत्येक बिलावर शिक्का मारतात, "नंबर सेव्ह करून ठेवा." अर्थात व्हॉट्सॲपही २०१४ पासून फेसबुकच्याच घरातलं. उद्या तिथलेही नियम बदलू शकतात. म्हणून मूळ यादी कागदावर.

मी परत येऊन वहिनींना हे सांगितलं. त्यांच्याकडे चोपडा नव्हता, पण जुन्या ऑर्डरच्या चार वह्या माळ्यावर होत्या. दोन दुपारी बसून आम्ही सत्तर घरांचे नंबर वेगळे काढले. मग वहिनींनी फोन करायला सुरुवात केली. तिसऱ्या-चौथ्या फोनला वारसियातल्या एक आजी म्हणाल्या, "अगं बाई, मला वाटलं यंदा तू करतच नाहीस. काही दिसलं नाही म्हणून सुनेने दुसरीकडे सांगितलं." त्या दिवशी हे वाक्य आणखी पाच जणांकडून ऐकलं.

मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच. न दिसणं म्हणजे नुसती एक पोस्ट मागे पडणं नव्हतं. सहा वर्षं उत्तम फराळ करणारी बाई लोकांच्या लेखी बंद पडली होती, आणि तिला कुणी तसं सांगितलंही नव्हतं.

वसुबारसेपर्यंत ऑर्डरी गेल्या वर्षाच्या जवळपास आल्या, पण पूर्ण भरल्या नाहीत. वहिनींनी एकदा पाचशे रुपयेही भरून पाहिले. या वेळी जुन्यांना सोडून, फक्त गोत्री आणि वासणा रोडकडच्या नव्या लोकांसाठी. चार नवी घरं मिळाली. त्यातल्या दोघांनी तुळशीच्या लग्नालाही मागवलं. "हे पैसे मला खटकले नाहीत," वहिनी म्हणाल्या. आता फराळाच्या प्रत्येक डब्यावर त्यांचा नंबर आणि तो साठवून ठेवण्याची विनंती छापलेली असते, आणि नव्या वहीत नाव लिहिताना "निरोप पाठवला तर चालेल ना?" असं विचारलं जातं.

आपल्या समाजात असे धंदे घरोघर आहेत. कुणाची आई मोदक करते, कुणाची मावशी नऊवारी शिवते, कुणाचा भाऊ गणपतीची मखरं बनवतो. त्यांची पानं बहुधा तुम्ही मुलंच सांभाळता. तर आधी एक वही करा. पैसे भरण्यापूर्वी मागच्या पाच पोस्ट किती जणांना दिसल्या तो आकडा पाहा. भरायचेच तर नव्या गिऱ्हाइकांसाठी, आणि आपण जिथे माल पोहोचवू शकतो तेवढाच भाग निवडून.

आणि आपण स्वतः गिऱ्हाईक असू तेव्हा? त्यांचा नंबर फोनमध्ये साठवा. इन्स्टाग्रामवर २०२२ पासून आवडती खाती वेगळी ठेवण्याची सोय आहे, त्यात त्यांना घाला. नुसता बदाम टाकून पुढे जाण्यापेक्षा दोन शब्द लिहा किंवा पोस्ट बहिणीला पाठवा. यंत्राला तेवढ्यावरून कळतं की हे कुणाला तरी हवं आहे. काही दिवस काही दिसलं नाही, तर ते बंद झाले असं धरून चालू नका. एक फोन करा.

अनारसे हवे असतील तर तो फोन जरा लवकर करा. त्याचे तांदूळ तीन दिवस भिजवावे लागतात, आणि पीठ मुरायला वेळ लागतो तो वेगळाच.