आत ओढलेला श्वास

माण तालुक्यातल्या त्या घरात तिच्या हाती फुंकणी आली तेव्हा ती सात-आठ वर्षांची असेल. पावसाळ्यात फाटी ओली, शेणी सादळलेल्या. जाळ धरायचा तर गाल फुगवून लोखंडी नळीत दणकून फुंकावं लागे. डोळे चोळत, खोकत ती तव्यावरची भाकरी उलटायची. सासरीही चूलच होती. घरात गॅस आला तेव्हा तिला सून आलेली होती.

साठी ओलांडली आणि खोकला हटेना. रानात जाताना बांधावर टेकत टेकत जावं लागे. विडीला कधी हात लावला नाही, मग फुप्फुसं कशानं बिघडतील, असं घरच्यांना वाटे. हा समज फार पसरलेला आहे. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये नेमक्या याच गोष्टीवर लेख लिहिला. कधीही धूम्रपान न केलेल्या असंख्य लोकांना सीओपीडी हा फुप्फुसांचा जुनाट आजार होतो आणि चुलीचा धूर हे त्यामागचं मोठं कारण आहे, हे त्यांनी ठामपणे मांडलं.

दवाखान्यात नाकाला चिमटा लावून तिच्या तोंडात नळी दिली. “फुंका आजी, अजून, अजून, थांबू नका!” श्वासाची मोजणी बहुतेक वेळा अशी बाहेर सोडलेल्या हवेचीच होत आली आहे. जॉन हचिन्सननं १८४६ साली मांडलेला स्पायरोमीटर घ्या, नाहीतर मार्टिन राइटचा १९५९ चा पीक फ्लो मीटर, दोन्ही फुंकायचेच. श्वासनळ्यांमधला अडथळा हवा सोडतानाच ठळक दिसतो, त्यामुळे निदानाला हे योग्यच आहे. औषध मात्र आत जायचं असतं.

निदान सीओपीडीचं झालं आणि तिला औषधाच्या भुकटीचं, कॅप्सूलचं यंत्र मिळालं. त्यात गॅस नसतो, स्प्रेसारखा दाब नसतो. भुकटी फोडून बारीक करायचं सगळं काम रुग्णाच्या ओढीवर चालतं. ओढ कमी पडली तर औषधाचे कण त्यात मिसळलेल्या लॅक्टोजच्या, म्हणजे दुधातल्या साखरेच्या, मोठ्या कणांना चिकटून राहतात आणि जिभेवर, घशातच अडकतात. “आत्या, पंप घेतला का?” असं सून सासूला रोज विचारी, आणि तोंड गोड झालं म्हणजे औषध पोचलं, असं आत्या समजत. एकदा यंत्र धुवायला उघडलं तर आत पांढरी भुकटी तशीच होती.

आत्यांची कसूर काहीच नव्हती. सीओपीडीत जुनी हवा पुरती बाहेर पडत नाही, छाती फुगलेलीच राहते. भरल्या हंड्यात आणखी किती पाणी मावणार? श्वासपटलही सपाट होतं, त्याला जोर काढायला जागा उरत नाही. वय, ठेंगणा बांधा आणि बाईचं शरीर, या तिन्हींनी ओढ आणखी कमी भरते.

दुसऱ्या डॉक्टरांनी टेबलावरून एक पारदर्शक नळी उचलली. नळीच्या अंगावर १५ ते १२० असे आकडे होते आणि टोकाला फिरवायची चकती होती. प्रत्येक यंत्रातून हवा ओढायला लागणारा जोर वेगळा. चकती फिरवून तेवढाच अडथळा त्या नळीत आणता येतो. “पूर्ण श्वास सोडा, ओठ घट्ट मिटा, आता एकदम जोरात ओढा.” काटा ३५ वर थांबला. पाठ ताठ करून पुन्हा ओढलं, तेव्हा ४० झाले. हे आकडे मिनिटाला लिटरचे. भुकटीच्या बऱ्याच यंत्रांना किमान ३० लागतात, पण औषध नीट सुटायला ६० च्या आसपास वेग हवा. यंत्रागणिक हा आकडा बदलतो, म्हणून तर अंदाजानं भागत नाही. अर्ध्या मिनिटाची ही तपासणी, पण ती न झाल्यामुळे पदरचे पैसे मोजून घेतलेलं औषध घशातच राहतं आणि त्रास वाढला की डोस वाढवला जातो, याचं फार वाईट वाटतं.

डॉक्टरांनी स्प्रे आणि त्याला जोडायचं पोकळ नळकांडं, म्हणजे स्पेसर, दिला. त्यात जोर नको. सावकाश, खोल ओढून श्वास थोडा रोखायचा. वर्षानुवर्षं जोर लावायची सवय असलेल्या आत्यांना हळू ओढणं शिकायला वेळ लागला. सून शेजारी बसून मोठ्यानं आकडे मोजायची.

पुढच्या थंडीत दम बळावला आणि त्यांना दवाखान्यात राहावं लागलं. असा झटका आल्यावर ओढ आणखी घटू शकते. घरी सोडण्याआधी डॉक्टरांनी तीच नळी पुन्हा पुढे केली. काटा ३० च्याही खाली राहिला. भुकटीचं यंत्र परत सुरू करायचा विचार त्यांनी सोडला, स्प्रे-स्पेसरच ठेवला आणि महिन्याभरानं मोजायला बोलावलं.