भिश्त्याची मशक

बकऱ्याचं अख्खं कातडं कमवायचं, पायांची भोकं शिवायची, मानेकडचं तोंड तेवढं मोकळं ठेवायचं, झाली मशक. बैलावर लादायची ती पखाल. कातड्यातून पाणी किंचित झिरपे, म्हणून आतलं गार राही. 1539 साली चौसाला गंगेत बुडणाऱ्या हुमायूनला निजाम भिश्त्याने फुगवलेल्या मशकीवरच तारलं. 'भिश्ती' शब्दात फारसी 'बिहिश्त' आहे, म्हणजे जन्नत! पाणी पाजण्याचा सवाब केवढा, हे मी काय सांगावं? 1860 साली विहारचं पाणी नळाने मुंबईत आलं आणि पुढे हा धंदा ओसरत गेला. सोयरिकीच्या वेळी 'पखाली' आडनाव ऐकून आमच्याकडे मात्र अजून नाकं मुरडतात. माझ्या लेकीला तसंच स्थळ आलंय. तिला पसंत आहे, मीही होकार कळवलाय. थोरल्या आपा अजून गप्प आहेत.