मिठापायी झालेली स्वारी

मॉन्टेझुमाने माझ्या राज्यावर मिठाच्या एका खाणीपायी स्वारी केली, या गोष्टीला आता बराच काळ लोटला असला, आणि ती प्रत्यक्ष भूमीवर नव्हे तर संगणकाच्या पडद्यावर घडली असली, तरी तिचा सल माझ्या मनातून अद्याप गेलेला नाही. पराभवाचे दुःख म्हणावे, तर त्या स्वारीतून मी सहीसलामत वाचलो. परंतु ज्या कारणास्तव ती झाली ते कारण, आणि ज्या विषम अटींवर ती मला झेलावी लागली त्या अटी, यांची दाद कोणत्या दरबारी मागावी, हे मला आजतागायत उमगलेले नाही.

खेळाचे नाव 'सिव्हिलायझेशन'. सिड मायर यांच्या नावाने तो 1991 साली प्रथम निघाला. मी खेळतो ती सहावी आवृत्ती, 2016 सालची. इसवी सनापूर्वी 4000 या वर्षी आपल्या हाती एक वसाहतकरी आणि एक शिपाई येतो, षट्कोनी घरांच्या नकाशावर पाळीपाळीने चाली करायच्या असतात, आणि त्या एवढ्याशा भांडवलावर अंतराळयानापर्यंत मजल मारायची असते. हे सारे आता घरोघरी ठाऊक आहे. ज्यांना ठाऊक नसेल त्यांनी घरातल्या एखाद्या मुलाला विचारावे, तो माझ्यापेक्षा बरे सांगेल.

या खेळात काठिण्याच्या आठ पायऱ्या आहेत आणि सर्वांत वरच्या पायरीला 'डिईटी' म्हणजे प्रत्यक्ष देवता असे नाव दिलेले आहे. वरच्या पायरीवरचा प्रतिस्पर्धी अधिक चतुर असेल, अधिक दूरदर्शी असेल, अशी कोणाही सरळ माणसाची समजूत होईल, आणि तशी ती माझीही होती; परंतु वस्तुस्थिती अशी की यंत्राची बुद्धी खालपासून वरपर्यंत जवळजवळ तीच राहते, वाढतो तो केवळ त्याचा खजिना आणि त्याची शिबंदी. जेथे मला एक वसाहतकरी मिळतो तेथे त्याला तीन मिळतात, जेथे मला एक शिपाई तेथे त्याला पाच. शिवाय त्याच्या प्रत्येक सैनिकाच्या बळात चारची भर, आणि सोने, उत्पादन, विद्या या सर्व बाबींत दर पाळीला वेगळी सूट. जन्मतःच सनद घेऊन आलेल्या इनामदाराशी नांगरापासून सुरुवात करणाऱ्याने बरोबरी करावी, अशी ही व्यवस्था आहे.

याच सर्वांत वरच्या पायरीवर मी भारताचा पक्ष घेतला आणि नेते म्हणून गांधीजींना निवडले. गांधीजींना या खेळात दोन लाभ दिलेले आहेत: ज्या राष्ट्रांनी धर्मस्थापना केली आहे आणि ज्यांच्याशी आपले युद्ध नाही, त्यांच्यामुळे आपल्या श्रद्धाबळात भर पडते, आणि जो आपल्याशी युद्ध करील त्याच्या प्रजेत युद्धाचा वीट दुपटीने पसरतो. दोन्ही लाभ उदात्त आहेत. परंतु शेजारचा राजा अजून देव कोणता आणि धर्म कोणता हेही ठरवून चुकलेला नाही, अशा आद्य युगात त्यांचा उपयोग जवळपास शून्य.

राजधानी मी नदीकाठच्या एका टेकडीवर वसवली. तिला लागूनच मिठाचे स्थळ होते, आणि मिठाच्या शेजारी दाट अरण्य. खाणकामाची विद्या साध्य होताच माझ्या पहिल्या बेलदाराने तेथे खाण खणली. मीठ ही या खेळात चैनीची वस्तू गणली जाते, तिच्यामुळे प्रजा संतुष्ट राहते, आणि अन्न व सोने यांतही थोडी भर पडते. माझ्या त्या चिमुकल्या राज्यात संपत्ती म्हणून दाखवावे असे तेवढेच काय ते होते.

पूर्वेकडून अॅझ्टेक लोकांचा राजा मॉन्टेझुमा याचे दर्शन झाले. प्रथम भेटीतच मी पंचवीस सुवर्णमुद्रांचा नजराणा देऊन त्याच्याकडे वकील रवाना केला, आणि त्याने तो स्वीकारलाही. यानंतर काही पाळ्या शांततेत गेल्या आणि मग त्याची मुद्रा बदलत गेली. खेळातील प्रत्येक राजाला एक स्वभावधर्म नेमून दिलेला असतो. मॉन्टेझुमाचा असा की जगातील चैनीची प्रत्येक वस्तू आपल्या संग्रही असावी अशी त्याची आकांक्षा असते, आणि जी वस्तू त्याच्यापाशी नाही ती ज्याच्यापाशी असेल त्याचा तो द्वेष करतो. त्याच्यापाशी मीठ नव्हते आणि माझ्यापाशी होते, एवढाच माझा अपराध. मी त्याच्या मुलुखात पाऊल टाकले नव्हते, त्याच्या शत्रूशी संधान बांधले नव्हते, त्याच्या वकिलाचा अवमान केला नव्हता. माझ्याच टेकडीच्या पायथ्याशी, माझ्याच बेलदाराने, माझेच मीठ काढले होते. ज्या नेत्याने 1930 साली दांडीच्या किनाऱ्यावर चिमूटभर मीठ उचलले, आणि ज्याच्या हाकेसरशी आपल्याकडे शिरोड्यालाही मिठाचा सत्याग्रह झाला, त्याच्याच नावाने मी राज्य करीत असता मिठावरूनच माझ्यावर शस्त्र उगारले जावे, हा योगायोग खेळ रचणाऱ्यांच्या ध्यानीमनीही नसेल. मला मात्र तो क्षणोक्षणी डाचत होता.

इसवी सनापूर्वी 3000 च्या सुमारास त्याचे गरुडवीर सीमेवर दिसू लागले. माझ्या साध्या शिपायाचे बळ वीस, गरुडवीराचे अठ्ठावीस. त्यात त्या वरच्या पायरीची चारची भर म्हणजे बत्तीस. आणि त्याच्यापाशी चैनीच्या जितक्या निरनिराळ्या वस्तू असतील तितके गुण आणखी वेगळे. माझा एक शिपाई रानटी टोळ्यांशी झुंजून जखमी स्थितीत परतत होता. त्याला मी मिठाशेजारच्या अरण्यात थांबवला, कारण झाडीत बचावाला थोडा जोर येतो. तो थोडा जोर कितीसा पुरणार? युद्धाची घोषणा झाली आणि त्याच पाळीत एका गरुडवीराने त्याला खाली पाडले.

त्यानंतर जे झाले त्यावर माझे मन पुनःपुन्हा जाऊन अडखळते. शिपाई मेला असता तर मी त्याला वीरगती मिळाली असे म्हटले असते. परंतु गरुडवीरांना या खेळात असा एक विशेष दिलेला आहे की पराभूत शत्रूला ते कित्येकदा जिवंत धरतात आणि त्याचा बेलदार करून आपल्या सेवेत जुंपतात. माझ्या डोळ्यांदेखत त्याच जागी, त्याच झाडाखाली, ढाल-तलवार गेलेला आणि कुदळ हाती आलेला एक मनुष्य शत्रूच्या रंगाच्या निशाणाखाली उभा राहिला. इतिहासातले अॅझ्टेक युद्धकैद्यांना देवतांपुढे बळी देत. त्या उग्र प्रथेला खेळ रचणाऱ्यांनी हे सौम्य रूप दिले, असे कोणी म्हणेल. मला ते सौम्य वाटले नाही. ज्याने काल माझ्या गावाच्या वेशीवर पहारा दिला त्याने उद्या शत्रूच्या शेताचे बांध घालावेत, आणि ते मी उघड्या डोळ्यांनी पाहावे, यात मरणापेक्षा अधिक काही होते.

दुसऱ्याच पाळीत आणखी एक नवल घडले. एका गरुडवीराने पुढे सरकून माझ्या मिठाच्या खाणीची नासधूस केली. खाण उद्ध्वस्त झाली म्हणजे त्या वस्तूवरचा ताबा संपला. अर्थात त्या क्षणापासून माझ्यापाशीही मीठ उरले नव्हते, आणि ज्या कारणासाठी युद्ध पुकारले ते कारण आक्रमकाने स्वहस्ते नाहीसे केले होते. न्यायाने पाहता त्याच घटकेला रणशिंग थांबायला हवे होते. पण दहा पाळ्या उलटल्यावाचून तहाची बोलणीच लावता येत नाहीत, असा येथला दंडक आहे. आणि तसेही, कारण संपले म्हणून युद्ध संपल्याचे उदाहरण खऱ्या इतिहासात तरी कोठे विपुल आढळते? मेक्सिकोतील त्लाश्काला नावाच्या स्वतंत्र राज्याला अॅझ्टेकांनी चहूबाजूंनी वेढून त्याचे मीठच तोडले होते. ती माणसे अळणी अन्न खात राहिली, पण वाकली नाहीत. आणि 1519 साली कोर्तेस स्पॅनिश सैनिक घेऊन आला तेव्हा प्रथम त्याच्याशी लढून मग त्यालाच जाऊन मिळाली. दोन वर्षांत अॅझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान पडली. मिठाची नाकेबंदी करणाऱ्या राजांनी हा दाखला दप्तरी लावून ठेवावा.

माझी भाची अभियांत्रिकी शिकते. हा खेळ माझ्या संगणकावर तिनेच बसवून दिला. ती मागे उभी राहून हा सारा प्रकार पाहत होती. ती म्हणाली, "मामा, हा मॅप बेकार आहे. रीस्टार्ट मारा ना, कशाला उगाच डोकं शिणवताय?" मी म्हटले, "अगं, राजधानी अजून आपल्याच ताब्यात आहे." "तीन पाळ्यांत जाईल," ती म्हणाली, आणि हिशेबाने तिचे काही चुकत नव्हते. राजधानीचे आरोग्य दोनशेवरून घसरत चालले होते. तट नव्हता, तटावाचून नगराला बाण सोडता येत नाही. तटाचे काम मी सुरू केले होते, पण नगराचे उत्पादन इतके तुटपुंजे की काम पुरे होण्याआधी नगर पडणार हे उघड दिसत होते.

येथे एक गोष्ट मध्येच सांगितली पाहिजे. अलीकडे मनासारखा मुलूख, नदी, डोंगर आणि दूरचे शेजारी मिळेपर्यंत नवनवे नकाशे मागत बसण्याची जी रीत पडली आहे, ती मला मान्य नाही. प्रारब्धाने दिलेली भूमी नापसंत म्हणून फेकून द्यायची असेल तर इतिहासाचा खेळ खेळण्यात स्वारस्य ते काय? कोणत्या राष्ट्राला आपला शेजारी निवडता आला आहे?

असो. गरुडवीर पुढे सरसावला आणि अरण्यातला तो बेलदार क्षणभर एकटा, अरक्षित राहिला. यंत्राची बुद्धी वरच्या पायरीवरही वाढत नाही असे मी वर म्हटले ते याच अर्थाने. माझा दुसरा शिपाई नगरात ठाण मांडून होता. त्याला बाहेर काढणे म्हणजे नगर उघडे टाकणे, पण मी त्याला काढला, आणि त्याने जाऊन आपल्याच जुन्या सोबत्याला परत ताब्यात घेतले. एक पाळी तो त्याच्या अंगावर ढाल धरून उभा राहिला, जबर घाव सोसले, पण टिकला. पुढच्या पाळीत त्या बेलदाराने ज्या झाडीत तो पडला होता तीच झाडी तोडली, आणि त्या लाकडाच्या जोरावर तटाचे उरलेले काम एकदम तडीस गेले. कालचा शिपाई, रात्रीचा कैदी, आणि आज ज्याच्यामुळे नगराला तट लाभला तो बेलदार: एवढी स्थित्यंतरे एका मनुष्याच्या वाट्याला आलेली मी कोणत्याही बखरीत वाचलेली नाहीत.

तट उभा राहताच पारडे फिरले. दरवाजा फोडण्याचे लाकडी यंत्र सोबत असल्यावाचून पायदळाचे घाव तटावर फारसे चालत नाहीत, आणि ते मॉन्टेझुमाने आणलेच नव्हते. माझ्यापाशी दोन गोफणदार होते. त्यांतील एकाने पूर्वी एक रानटी टोळीवाला टिपला असल्यामुळे धनुर्विद्येचे बरेचसे अध्ययन मला आपोआप मिळाले होते. आता ती विद्या पुरी करून, किडूकमिडूक सोने खर्चून, दोघांचेही मी धनुर्धारी केले. तटावरून नगराचा एक बाण, मागून धनुर्धाऱ्यांचे दोन, अशा क्रमाने गरुडवीर एकामागून एक नदीकाठी पडले. मुदत संपताच मॉन्टेझुमाकडून तहाचा खलिता आला, आणि त्यात माझ्या नजराण्याच्या अनेक पट सोने होते.

आता खरे सांगायचे तर, ज्या विषमतेविरुद्ध मी एवढा त्रागा केला तिच्याविषयी माझे मत स्थिर नाही. पुढे एकदा मी 'प्रिन्स' या पायरीवर, जेथे सर्वांना सारखाच प्रारंभ मिळतो, नवा डाव मांडून पाहिला. शेजारी सौजन्याने वागले, कोणी मिठावर डोळा ठेवला नाही, मी इमारतींवर इमारती बांधीत गेलो, आणि तो डाव अर्ध्यावर सोडून उठलो, कारण त्यात राम नव्हता. अन्याय काढून टाकला की चवही जाते, असे म्हणावे तर अन्यायाचे समर्थन केल्यासारखे होते, आणि ते करण्याची माझी इच्छा नाही. त्या शिपायाच्या बाबतीत जे झाले ते मला तेव्हाही अन्याय्य वाटले, आणि आजही वाटते.

तो मूळ डाव मी जिंकला नाही. मॉन्टेझुमाशी झुंजण्यात गेलेला काळ भरून निघाला नाही, आणि समुद्रापलीकडे सुखाने विद्याभ्यास करीत बसलेली कोरियाची राणी विज्ञानाच्या बळावर सर्वांच्या पुढे निघून गेली. तेव्हा विजयाचा मार्ग सांगण्याचा अधिकार मला नाही. पण तगून राहण्यापुरते चार शब्द सांगू शकतो. राजधानी टेकडीवर आणि नदीच्या आड वसवावी. पिरॅमिड आणि स्टोनहेंज यांचा मोह पहिल्या युगात धरू नये. वरच्या पायरीवर ती दुसरेच कोणी आधी बांधून मोकळे होतात. पहिल्या बेलदाराआधी दोन गोफणदार उभे करावेत आणि एखादा रानटी त्यांच्याच हातून मारवावा. जवळचे अरण्य आडवेळेसाठी राखून ठेवावे. शेजारी मॉन्टेझुमा निघाला तर चैनीची वस्तू त्याला विकून मोकळे व्हावे, असे माझी भाची म्हणते, आणि व्यवहारदृष्ट्या तिचे म्हणणे बरोबरच आहे. मी मात्र माझे मीठ देणार नाही. तुम्ही द्या अथवा देऊ नका, पण तट आधी बांधा, आणि नकाशा बदलू नका.