एफ तुकडी

जुलैतल्या रविवारी पहाटे पाचला उठलो की दिवा लावायच्या आधी मी खिडकी उघडतो आणि हात बाहेर धरतो. डोंबिवलीत पाऊस आहे म्हणजे आझाद मैदानावर असेलच असं नाही. भुरभुर असेल तर सामना होईल, धार लागली असेल तर बहुधा होणार नाही, पण जायचं दोन्ही वेळा असतं. कांगा लीगचा सामना घरी बसून रद्द होत नाही. पंच विकेटपर्यंत चालत जातात, अंगठ्याने माती दाबून बघतात, मग काय ते ठरतं. तोवर आम्ही पांढऱ्या कपड्यांत तंबूखाली उभे असतो. कुणी विरारहून आलेला असतो, कुणी बदलापूरहून, आणि सगळ्यांच्या पँटी गुडघ्यापर्यंत भिजलेल्या असतात.

आमचा संघ शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा. शाळा लालबाग-परळच्या मधली, मराठी माध्यमाची, गिरणी कामगारांच्या पोरांची. कांगा लीगमध्ये ए पासून जी पर्यंत सात डिव्हिजन आहेत आणि आम्ही गेली बरीच वर्षं एफमध्ये आहोत. आपापसात बोलताना डिव्हिजन हा शब्द आमच्या तोंडी येत नाही. आम्ही तुकडी म्हणतो. शाळेतही अ, ब, क, ड, इ, फ अशा सहाच तुकड्या होत्या.

ही लीग 1948 साली सुरू झाली, डॉ. होर्मसजी कांगा या पारशी डॉक्टर-क्रिकेटपटूच्या नावाने. इंग्लंडच्या ओल्या विकेटची आपल्या पोरांना सवय व्हावी म्हणून ती पावसाळ्यात ठेवली, असं जुने लोक सांगतात. कारण काहीही असो, मुंबईच्या फलंदाजीचा जो चिवट, खडूस स्वभाव सगळ्या देशाला माहीत झाला तो मला तरी इथेच घडलेला दिसतो. 1958-59 पासून सलग पंधरा वर्षं मुंबईने रणजी करंडक जिंकला. त्या संघांतली माणसं असल्याच झाकण नसलेल्या विकेटवर उभी राहून शिकली होती.

विकेट भिजलेली असते तेव्हा ती निरुपद्रवी असते. चेंडू टप्पा पडून थांबतो, अडखळत येतो. खरी परीक्षा ऊन पडल्यावर सुरू होते. वरचा पापुद्रा सुकायला लागतो, खालची माती ओलीच राहते, आणि त्याच टप्प्यावरून एक चेंडू गुडघ्याखाली सरपटतो तर दुसरा छातीवर येतो. गोलंदाजाच्या पावलाखाली लाकडाचा भुसा टाकलेला असतो. त्याचा वास ओल्या मातीच्या वासात मिसळतो, आणि तो नाकात शिरला की मला बॅट हातात नसतानाही बोटं सैल सोडावीशी वाटतात. तसं शिकवलंय आम्हाला. बॅटची मूठ आवळली की चेंडू उडतो आणि शॉर्टलेगच्या हातात बसतो. पीटीचे सर म्हणायचे, "घाई करू नको रे, घरी येऊ दे त्याला."

मैदानावर बावीस विकेट आहेत. आमचा थर्डमॅन आणि पलीकडच्या सामन्यातला मिडऑन पाठीला पाठ लावून उभे असतात. दोघांच्या मधली रेघ फक्त त्या दोघांनाच ठाऊक असते. समोर सीएसएमटीचा घुमट, शेजारी महापालिकेची इमारत. दक्षिणेच्या टोकाला बॉम्बे जिमखाना. तिथे 1933 साली भारतातली पहिली कसोटी झाली आणि लाला अमरनाथांनी 118 धावा काढल्या. आणि याच आझाद मैदानावर फेब्रुवारी 1988 मध्ये शारदाश्रमच्या दोन पोरांनी, तेंडुलकर आणि कांबळीने, हॅरिस शील्डच्या सामन्यात 664 धावांची भागीदारी रचली. मी तेव्हा पाचवीत होतो. सर पेपर घेऊन वर्गात आले, फळ्यावर 664 हा आकडा मोठ्ठा लिहिला आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "आणि समोरची अकरा पोरं किती धावली असतील, त्याचा विचार करा." दुसरा कुठलाही शिक्षक त्या दिवशी असं बोलला असता असं मला वाटत नाही. आमच्यासारख्यांना बहुतेक वेळा समोरची अकरा पोरं व्हावं लागणार, हे त्यांना आधीच कळलं होतं, आणि तेही नीट करायचं असतं हे त्यांना आम्हाला सांगायचं होतं.

शाळेच्या मागे जागा होती ती मैदान म्हणावं इतकी नव्हतीच. कुंपणभिंतीपर्यंत एक तिरकी पट्टी, तिच्यात गिरणीच्या भट्टीतली राख आणि कोळशाची खडी मिसळलेली. सरावाच्या आधी सर आम्हाला भिंतीला पाठ लावून एका रांगेत उभं करायचे, हातभर अंतर ठेवून. शिट्टी वाजली की सगळ्यांनी एकाच चालीने समोरच्या भिंतीकडे चालायचं, नजर पायांपुढे, दिसेल तो खडा उजव्या हाताने उचलायचा आणि डाव्या मुठीत ठेवायचा. पुढे पळायचं नाही, मागे राहायचं नाही. भिंतीशी पोचलो की खडे बादलीत. मग परत. चार फेऱ्या झाल्याशिवाय स्टंप रोवले जायचे नाहीत. मला याचा तेव्हा फार राग यायचा. माझा हात गोलंदाजीसाठी शिवशिवत असायचा आणि आम्ही कामगारांसारखे खडी वेचत असायचो.

कामगारांसारखे, असं मी उगाच लिहिलं नाही. आमचे बाप कामगारच होते. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी चार-पाच वर्षांचा होतो. अडीच लाखांच्या आसपास माणसं घरी बसली, आणि त्यातली कितीतरी पुन्हा साच्यावर उभी राहिलीच नाहीत. बाबांच्या हातात डबा नाही, हे दृश्य मला अजून आठवतं. सकाळी ते अंघोळ करून, कपडे घालून दारात उभे राहायचे आणि भोंग्याची वाट बघायचे. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत चाळीतली बिऱ्हाडं हलली. कुणी गावी, कोकणात किंवा घाटावर गेलं, कुणी जागा विकून डोंबिवली, बदलापूर, विरार गाठलं. पोरं गेली तशा शाळेतल्या तुकड्या गेल्या. आधी फ बंद झाली, मग इ. मी दहावीत होतो तेव्हा ड पर्यंत वर्ग होते. उरलेल्यांनी आपली पोरं इंग्रजी शाळेत घातली. मीही घातली, हे इथे लिहायलाच हवं. काही वर्षांपूर्वी पटसंख्येचं कारण झालं आणि शाळा बंद झाली. इमारत उभी आहे. पाटी उतरवलेली आहे, आणि पाटीच्या जागी भिंतीवर तिच्याएवढा फिकट चौकोन आहे.

म्हणून मला स्कोअरबुकाची फार किंमत वाटते. आमचा स्कोअरर माझ्या एक वर्ष पुढचा. गुडघा गेला तेव्हापासून खेळत नाही, पण एकही रविवार चुकवत नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत वही, पिशवीच्या आत रुमाल, रुमालात दोन पेनं. सामना होवो न होवो, तो आधी वरच्या ओळीवर आमच्या संघाचं नाव लिहितो, म्हणजे शाळेचं पूर्ण नाव, संस्थापकांच्या नावासकट, अक्षर न अक्षर, जसं आम्ही प्रगतिपुस्तकावर लिहायचो तसं. मग त्याखाली अकरा नावं. षटक निर्धाव गेलं की सहा टिंबं जोडून तो एम काढतो. ते जोडताना त्याची जीभ ओठाच्या कोपऱ्यात येते, वर्गात भूमितीच्या तासाला यायची तशीच. आता या जगात त्या शाळेचं नाव शाईने लिहिलं जाण्याची एवढी एकच जागा उरली आहे. विकेट टिकवायला मी जीव टाकतो त्यामागे हेही एक कारण आहे. पान लवकर भरू नये.

यंदाचे पहिले दोन रविवार वाहून गेले. तिसऱ्या रविवारी कुर्ल्याला रुळांवर पाणी आलं आणि आम्ही आठच जण पोचलो. आठांवर नाणेफेक केली. समोरची पोरं सोळा-सतराची, नव्या किट बॅगा, अंगाला अंग न लागू देणारी चपळाई. त्यांच्या कप्तानाने काही न बोलता आपली दोन पोरं आमच्याकडून क्षेत्ररक्षणाला पाठवली. त्यातला एक पॉइंटला असा पडला की आमच्या गोलंदाजाने जाऊन त्याच्या पाठीवरची माती झटकली. त्याने आपल्याच संघाच्या चार धावा अडवल्या होत्या.

त्याच दिवशी मैदानाच्या दुसऱ्या अंगाला निळ्या ताडपत्र्या दिसत होत्या. पावसाळी अधिवेशनाच्या सुमाराला दरवर्षी आझाद मैदानावर निदर्शनं असतात, आणि त्यांत विनाअनुदानित शाळांचे शिक्षक अनेकदा असतात. यंदाही होते. गावोगावचे मास्तर आणि बाई, चिखलात सतरंज्या टाकून बसलेले. उपाहाराच्या वेळी मी आणि आमचा यष्टिरक्षक चहाची किटली घेऊन तिकडे गेलो. एका वयस्कर सरांनी माझ्या पायातले पॅड बघितले आणि विचारलं, "सामना आहे का? कोण खेळतंय?" मी शाळेचं नाव सांगितलं. ते म्हणाले, "कुठे आहे ही शाळा?" मी म्हणालो, "परळला." 'होती' असं म्हणायला हवं होतं. त्यांच्यासमोर मला ते जमलं नाही.

ऑगस्टमध्ये तीन सामने झाले. एकात आम्ही सर्वबाद 71 करूनही पहिल्या डावाची आघाडी घेतली. ऊन पडलं, विकेट चिकट झाली, आणि आमच्या डावखुऱ्या फिरकीवाल्याने एकाच टप्प्यावर अकरा षटकं टाकली. त्याचं वय आता पन्नास. सरांनी त्याला शिवलकरांच्या नावाने वाढवलं. 1973 च्या रणजी अंतिम सामन्यात पद्माकर शिवलकरांनी चेपॉकवर तमिळनाडूचे पहिल्या डावात 16 धावांत 8 आणि दुसऱ्यात 18 धावांत 5 बळी घेतले. हे आकडे आम्हाला पाढ्यांबरोबर पाठ झाले होते. प्रथम श्रेणीत 589 बळी घेणाऱ्या त्या माणसाला एकही कसोटी मिळाली नाही, हे सर सांगायचे तेव्हा त्यांचा आवाज खाली जायचा. त्यापुढे ते काही बोलायचे नाहीत.

नारळी पौर्णिमा गेली, दहीहंडी गेली, गणपतीचे दिवस आले. आमच्यातले निम्मे गावी जातात. त्या काळात सामना पडला की अकरा जमवायला मला फोनवर फोन करावे लागतात. "अरे, ये ना, नाव तरी पूर्ण होऊ दे," एवढंच मी म्हणतो. नाव कुणाचं, हे समोरच्याला समजतं.

शेवटचा सामना आम्ही हरलो आणि पुढच्या वर्षी आम्ही जी मध्ये असू. फ च्या पुढची तुकडी आमच्या शाळेत कधीच नव्हती. पण मला सांगायचंय ते त्या सामन्यातल्या चार-पाच मिनिटांबद्दल.

आम्ही 74 केल्या होत्या. त्यांच्या 61 धावांत आठ गडी गेले होते. सप्टेंबरात गवत गुडघ्यापर्यंत आलेलं असतं, त्यामुळे जमिनीवरून मारलेला चेंडू पंधरा-वीस पावलांत मरतो. कांगा लीगमध्ये फलंदाज उचलून मारतात ते त्यासाठीच. त्या पोराने मिडविकेटच्या डोक्यावरून चेंडू उचलला. तो दोन विकेटींच्या मधल्या गवतात पडला आणि दिसेनासा झाला. मिडविकेट धावत गेला, थांबला, गोल फिरला. फलंदाजांनी तीन धावा काढल्या आणि पंचांनी चेंडू मृत ठरवला. पूर्वी क्षेत्ररक्षकाने 'चेंडू हरवला' असं ओरडून सांगितलं की फलंदाजीच्या बाजूला निदान सहा धावा मिळायच्या. 2017 च्या नियमावलीत तो नियम गेला.

आम्ही सगळे तिकडे निघालो. बारीक पाऊस पडत होता. आधी जो तो आपापल्या परीने पायाने गवत चाळत होता. मग कुणीही काही न बोलता, कप्तानानेही काही न सांगता, आम्ही हळूहळू एका रांगेत आलो, हातभर अंतरावर. डावीकडे आमचा फिरकीवाला, उजवीकडे यष्टिरक्षक, एक ग्लोव्ह काखेत. नजर पायांपुढे. कुणी पुढे पळत नव्हतं, कुणी मागे राहत नव्हतं. पलीकडच्या सामन्यातली पोरं खेळ थांबवून बघत होती. मी शेजारी पाहिलं तर यष्टिरक्षकाची डावी मूठ मिटलेली होती. तिच्यात काहीच नव्हतं. माझीही मिटलेली होती.

पहिला चेंडू मला सापडला, पण तो आमचा नव्हता. कुठल्या तरी जुन्या रविवारचा. पाण्याने फुगलेला, चामडं काळं पडलेलं, शिवण उसवलेली आणि शिवणीतून गवताची दोन पाती वर आलेली. तेवढ्यात रांगेच्या दुसऱ्या टोकाहून "मिळाला!" अशी हाक आली. मी दोन्ही घेऊन पंचांकडे गेलो. त्यांनी एकेक तळहातावर तोलून बघितला, आमचा रुमालाने पुसून गोलंदाजाकडे टाकला आणि जुना मला परत दिला.

तो मी खिशात घातला आणि थर्डमॅनला जाऊन उभा राहिलो.