गुरुवारची चावी

गुरुवारी दुपारी दोन ते पाच आमच्या भागातल्या वाचनालयाची चावी माझ्याकडे असते. आमचं शेफील्ड हे इंग्लंडमधलं, टेकड्यांवर वसलेलं शहर आहे. कुठूनही कुठे जायचं तरी एक चढ लागतोच. तो चढून मी दार उघडते, हीटर लावते, परत आलेली पुस्तकं फळीवर ठेवते आणि टेबलाशी बसते. पगार नाही. बसायला खुर्ची आणि चहाला किटली आहे, बिस्किटं मात्र ज्याची त्यानं आणायची.

गेल्या हिवाळ्यात एक गृहस्थ आले. साठीच्या अलीकडचे असतील. हातात सरकारी पत्र होतं. युनिव्हर्सल क्रेडिट या सरकारी मदतीचा अर्ज भरायचा होता. तो ऑनलाइन भरतात आणि त्यांच्याकडे ना कॉम्प्युटर, ना ईमेल. मी त्यांना वाचनालयातल्या कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि पान उघडून दिलं. पुढे बँकेचा खातेक्रमांक भरायची वेळ आली तेव्हा ते म्हणाले, "तुम्हीच टाका की." आम्हा स्वयंसेवकांना सक्त ताकीद असते की कुणाची खाजगी माहिती आपण भरायची नाही. चूक झाली तर जबाबदार कोण? मी तसं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "मग तुम्ही इथे कशाला बसलाय?"

त्यांना मला दुखवायचं नव्हतं. पूर्वी या टेबलामागे पगारी ग्रंथपाल बसायची, तिला अशा कामांचं प्रशिक्षण होतं आणि तिच्यामागे अख्खं कौन्सिल, म्हणजे इथली नगरपालिका, होतं. माझ्यामागे एक रोटा आहे, म्हणजे पाळ्यांचा तक्ता.

हे असं कसं झालं? इंग्लंडमध्ये वाचनालय चालवणं ही कौन्सिलची हौस नाही, कायदेशीर कर्तव्य आहे. १९६४ च्या कायद्यानं ते कौन्सिलांवर टाकलंय. पण २०१० मध्ये डेव्हिड कॅमेरॉन पंतप्रधान झाले आणि एकाच वेळी दोन गोष्टी सुरू झाल्या. एका हातानं कौन्सिलांना मिळणारा केंद्राचा निधी कापला जाऊ लागला, दुसऱ्या हातानं 'बिग सोसायटी'ची हाक आली. लोकांनी पुढे यावं, आपापल्या भागातली कामं आपण उचलावीत, असं सांगण्यात आलं. पाठोपाठ २०११ चा लोकॅलिझम कायदा आला. एखादा पब, सभागृह किंवा वाचनालय विकायला निघालं तर ते विकत घेण्यासाठी पैसे उभे करायची सवड त्या कायद्यानं स्थानिक लोकांना दिली. कल्पना वाईट नव्हती. पण वृद्धांची आणि मुलांची देखभाल कौन्सिलला टाळता येत नाही, आणि तिचा खर्च वाढतच होता. मग कात्री लागली ती वाचनालयं, बागा आणि युवक केंद्रांना. दशकभरात ब्रिटनमधली जवळपास ८०० वाचनालयं बंद झाली. शेफील्डमध्ये २८ पैकी १६ वाचनालयांवर टाच आली आणि २०१४ मध्ये ती स्वयंसेवकांच्या हाती गेली. ती बंद पडली नाहीत याचं श्रेय लोकांचंच. म्हणून मी चावी घेतली तेव्हा मला अभिमान वाटला होता.

खरं सांगायचं तर मला यात काही विशेषही वाटलं नव्हतं. मी नाशिक जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावची. आमचं वाचनालय लोकांनीच काढलेलं आणि लोकांनीच चालवलेलं. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. सरकार जागं होण्याच्या कितीतरी आधी आपल्याकडे चार शहाण्या माणसांनी एकत्र येऊन कपाटं भरली. १९६७ चा महाराष्ट्राचा ग्रंथालय कायदा आला तेव्हाही सरकारनं वाचनालयं ताब्यात घेतली नाहीत. संस्थांना मान्यता दिली, अ, ब, क, ड असे वर्ग पाडले आणि वर्गाप्रमाणे अनुदान सुरू केलं. शेफील्डच्या माझ्या सहकाऱ्यांना हे सांगितलं की ते थक्क होतात. त्यांच्या मते आपण त्यांच्या पुढे दीडशे वर्षं आहोत.

मग मी त्यांना आमच्या ग्रंथपाल काकांची गोष्ट सांगते. 'ब' वर्गाचं वाचनालय, तीस वर्षांची नोकरी. अनुदानाचा हप्ता यायचा तेव्हा काकांचा पगार व्हायचा, आणि हप्ता कधी येईल हे कुणालाच ठाऊक नसायचं. दिवाळी उलटून जायची. काका सकाळी वाचनालय उघडायचे, दुपारी एका दुकानाची वही लिहायचे आणि संध्याकाळी पुन्हा वाचनालयात. गावाला त्याचं कौतुक होतं. "काकांनी आयुष्य वाहिलं," असं लोक म्हणायचे. त्यांच्या पगाराचं काय, हा प्रश्न मात्र वार्षिक सभेत कुणी विचारला नाही. त्या सभेत मी अनेकदा वडिलांच्या शेजारी बसले आहे, म्हणून खात्रीनं सांगते. शेजारच्या कर्नाटकात मालमत्ता कराबरोबर ग्रंथालय उपकर घेतात, तेव्हा वाचनालयाचा हक्काचा पैसा निदान कागदावर तरी असतो. आपल्याकडे असा उपकर नाही. आपण काकांवर भागवलं.

हक्काच्या पैशावरून आठवलं, शेफील्डच्या वॉक्ली भागात कार्नेगीचं वाचनालय आहे, १९०५ सालचं. तेही आता स्वयंसेवक चालवतात. अँड्र्यू कार्नेगी हा अमेरिकेत पोलादावर गडगंज झालेला स्कॉटिश माणूस. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये त्याच्या पैशातून ६६० वाचनालयं उभी राहिली. पण त्याची एक अट असायची. इमारतीचे पैसे मी देतो, जागा गावानं द्यावी, आणि वाचनालय चालवण्याचा खर्च दरवर्षी करातून करण्याचं गावानं कबूल करावं. कबुली नाही तर पैसे नाहीत. दान देताना समोरच्याला जबाबदारीत बांधून घेणारा हा माणूस मला फार हुशार वाटतो. आपल्या दानानं सरकारची सुटका होऊ नये, हे त्याला शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं. आम्ही चाव्या घेतल्या तेव्हा अशी कुठलीही अट घातली नाही. उलट 'थँक यू' म्हणालो.

मी लोकसहभागाच्या विरुद्ध नाही. इथे बर्फ पडतो तेव्हा मुख्य रस्त्यांवर मीठ टाकण्याचं काम कौन्सिलचं. आमच्या उभ्या चढाच्या गल्लीत ती गाडी येत नाही, म्हणून काही रहिवासी 'स्नो वॉर्डन' म्हणून नाव नोंदवतात. कौन्सिल त्यांना मीठ आणि फावडं देतं आणि ते पायवाट मोकळी करतात. ही वाटणी सरळ आहे. मोठं काम त्यांचं, राहिलेलं आमचं, आणि सामान त्यांचं. कुणी असं म्हणत नाही की आता हायवेवरचं बर्फही तुम्हीच काढा. वाचनालयाच्या बाबतीत मात्र नेमकं तेच झालं.

आणखी एक गोष्ट फार उशिरा लक्षात आली. आमच्या भागात निवृत्त शिक्षक आहेत, हिशेबनीस आहेत, निधीसाठी अर्ज कसा लिहायचा हे जाणणारे लोक आहेत. म्हणून आमचं वाचनालय चालतं. शहराच्या ज्या भागात माणसं दोन-दोन पाळ्यांत काम करतात, तिथे गुरुवारी दुपारी दोन वाजता मोकळं कोण असणार? वाचनालयाची सर्वांत जास्त गरज तिथेच आहे आणि स्वयंसेवक तिथेच सर्वांत कमी आहेत. लोकसहभागाला ही भूगोलाची खोट आहे. कर सगळ्यांकडून गोळा होतो आणि गरज असेल तिथे खर्च करता येतो. हौस मात्र जिथे सवड तिथेच उगवते.

याच शहरात लोकांनी सरकारला जाब विचारल्याचंही मी पाहिलंय. रस्त्यांच्या देखभालीसाठी कौन्सिलनं २५ वर्षांचा खाजगी करार केला होता, त्यात रस्त्याकडेची हजारो झाडं पडली. नोव्हेंबर २०१६ मध्ये रस्टलिंग्ज रोडवर पहाटेच्या अंधारात, पोलिसांच्या बंदोबस्तात, झाडं तोडायला माणसं आली. लोक झाडांखाली उभे राहिले, काहींना अटक झाली, प्रकरणं कोर्टात गेली. २०२३ मध्ये चौकशी अहवाल आला आणि कौन्सिलनं जाहीर माफी मागितली. हे शक्य झालं कारण झाडं कौन्सिलची होती. बोट दाखवायला कुणीतरी होतं. उद्या ती झाडं 'तुमची तुम्ही सांभाळा' म्हणून आमच्या स्वाधीन केली असती, तर पडलेल्या झाडाखाली आम्हीच एकमेकांकडे बघत बसलो असतो. वाचनालयाचं छत गळतं तेव्हा आम्ही तसेच बघतो. तक्रार कुणाकडे करायची? मीटिंगमध्ये, म्हणजे आमच्याचकडे.

त्या गृहस्थांचा अर्ज त्या दिवशी झाला. मी स्क्रीनवर बोट ठेवत गेले, ते एकेक आकडा टाकत गेले. दीड तास लागला. जाताना त्यांनी हात मिळवला. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मी दिलं नाही. आता देते: मी इथे बसले आहे कारण इथे बसायला जिला पगार मिळत होता तिला काढून टाकलं, आणि दार बंद राहिलेलं मला बघवलं नाही. यातली दुसरी गोष्ट चांगली आहे म्हणून पहिली गोष्ट बरोबर ठरत नाही.

मी चावी परत करणार नाही. पण यंदा आम्ही वीसेक स्वयंसेवकांनी मिळून कौन्सिलला पत्र लिहिलंय: आमचे तास मोजा, आणि आठवड्यातून दोन दिवस तरी एक पगारी ग्रंथपाल द्या. उत्तर अजून आलेलं नाही.

तुमच्याकडेही कुणीतरी पावतीपुस्तक घेऊन येईलच, वाचनालयासाठी, शाळेच्या खोलीसाठी किंवा पाण्याच्या टाकीसाठी. वर्गणी जरूर द्या, श्रमदानालाही जा. पण पावती घेताना कार्नेगीसारखं एवढं विचारा: उद्या हे चालवायचा खर्च कोण करणार, आणि तसं त्यानं लिहून दिलंय का?