टीबीची लस, पण भलत्याच ठिकाणी

बायोप्सीचा रिपोर्ट बाजूला ठेवून डॉक्टर म्हणाले, "काका, आता आपण बीसीजी देऊ." मला वाटलं, समोरच्या फाइलवरचं वय त्यांनी नीट वाचलेलं नाही. बीसीजी म्हणजे तान्ह्या बाळाच्या दंडावर टोचतात ती टीबीची लस. मी पासष्टीचा. तरी शर्टाची बाही वर करायला लागलो, तर ते हसले. "दंडावर नाही. लघवीच्या पिशवीत."

लघवीतून रक्त गेलं होतं, दुखत मात्र काहीच नव्हतं. दुर्बिणीने आत जाऊन गाठ खरवडून काढली होती. कॅन्सर पिशवीच्या आतल्या अस्तरातच होता, खालच्या स्नायूपर्यंत पोचला नव्हता. पण जात खोडकर, पुन्हा उगवण्याची शक्यता बरीच. सिगारेटच्या धुरातली रसायनं मूत्रपिंडं रक्तातून गाळतात आणि पिशवी ती तासन्‌तास सांभाळत बसते, हेही मला तेव्हाच कळलं. तोवर धूर फक्त छातीत जातो अशी माझी समजूत.

"म्हणजे ही लस कॅन्सरला मारते?"

"नाही. ती थेट त्याला काहीच करत नाही."

मी हिच्याकडे पाहिलं, हिने माझ्याकडे. डॉक्टरांनी मग समजावलं. कॅन्सरच्या पेशी आपल्याच शरीरातल्या, त्यामुळे प्रतिकारशक्तीला त्या परक्या वाटतच नाहीत. टीबीच्या घराण्यातला जंतू मात्र पक्का परका. तो अस्तराला चिकटला की आरडाओरडा होतो, पोलिसांच्या गाड्या येतात, घरोघर झडती सुरू होते आणि त्या झडतीत इतके दिवस सभ्य म्हणून वावरणारा घरचा चोरही सापडतो. मला उपमा पटली, उपचार पटायला वेळ लागला. मुलाने रात्री फोनवर सांगितलं, "बाबा, ही इम्युनोथेरपीच आहे. याच विषयातल्या कामाला २०१८ साली नोबेल मिळालंय, ॲलिसन आणि होन्जो यांना." ते नोबेल प्रतिकारशक्तीचे ब्रेक सोडवणाऱ्या नव्या, महागड्या औषधांच्या शोधाचं. माझ्या वाट्याला आलेली कल्पना त्याहून कितीतरी जुनी निघाली.

गाठ काढल्याची आतली जखम भरायला काही आठवडे दिले आणि मग डोस सुरू झाले, आठवड्याला एक, असे सहा. औषध मेडिकलवाल्याने बर्फाच्या डब्यातून दिलं. जंतू जिवंत असतात, त्यांना थंडावा लागतो. खोक्यावर पत्ता चक्क पुण्याचा, सीरम इन्स्टिट्यूटचा. २०१२ साली टोरोंटोतल्या एका कारखान्यातलं उत्पादन थांबल्यापासून हेच औषध मिळवताना अमेरिकेतल्या डॉक्टरांची ओढाताण होते, असं मुलगा म्हणाला. जंतू फार सावकाश वाढतो, म्हणून कारखान्याला घाई करता येत नाही. आमच्याकडे तो हडपसरहून येत होता. मला उगाच अभिमान वाटला.

सकाळपासून चहापाणी बेताचं. सिस्टरने बारीक नळी घातली (त्याचं वर्णन वाचकाला नको असेल), पिशवीत औषध सोडलं आणि नळी काढून घेतली. आता दोन तास धरून ठेवायचं. मध्येमध्ये कूस बदलायची, म्हणजे अस्तराच्या सगळ्या बाजूंना औषध लागेल. पासष्टीच्या पुरुषाला दोन तास धरून ठेव म्हणणं ही मूळ आजारापेक्षा मोठी शिक्षा आहे, असं माझं मत आहे. घरी आल्यावर सहा तास बसूनच लघवी करायची, दर वेळी कमोडमध्ये ब्लीच ओतायचं, पाव तास थांबायचं, मग फ्लश. हे खातं हिने आपल्याकडे घेतलं आणि माझ्यापेक्षा शिस्तीने चालवलं.

खरा गोंधळ उडाला तो रात्री. लघवीला आग, दर अर्ध्या तासाला उठणं, अंगात कणकण. जन्मभर मी एकच शिकलो होतो: आग झाली की विझवायची, ताप आला की उतरवायचा. घाबरून फोन केला तर डॉक्टरांच्या आवाजात चक्क समाधान! "छान. शरीर जागं झालंय." तापाची गोळी घ्यायला त्यांची हरकत नव्हती. मात्र ताप जोराचा चढून दुसऱ्या दिवशीही टिकला, तर थेट यायचं आणि समोर कुणीही डॉक्टर असो, 'बीसीजी घेतोय' हे पहिलं वाक्य बोलायचं. क्वचित हा जंतू पिशवीबाहेर रक्तात शिरतो आणि मग टीबीचीच औषधं द्यावी लागतात. म्हणून तर लघवीत रक्त किंवा जंतुसंसर्ग असेल त्या दिवशी डोस देत नाहीत.

असल्या रात्री मी बीसीजीबद्दल वाचत बसे. काल्मेत आणि गेरँ या दोन फ्रेंच गृहस्थांनी गाईच्या टीबीचा जंतू १३ वर्षं, २३० वेळा, बटाट्यावर वाढवून वाढवून मवाळ केला. १९२१ साली पॅरिसमध्ये एका बाळाला तो पहिल्यांदा दिला, तोही तोंडावाटे. लघवीच्या पिशवीत तो सोडण्याचं धाडस कॅनडातल्या मोरालेस या डॉक्टरांचं. १९७६ साली त्यांनी नऊ रुग्णांचे अनुभव छापले. अमेरिकेतली मान्यता १९९० ची.

पण डोस सहाच का? मला वाटलं होतं, यामागे मोठं गणित असणार. तर मोरालेस यांच्याकडे लस यायची ती सहा कुप्यांच्या खोक्यातून! आणि आठवड्याला एक, कारण त्रास आठवडाभरात ओसरायचा. त्या खोक्याचा हिशेब आजही जगभर चालतो आणि लागूही पडतो. विज्ञानाबद्दलचा माझा आदर याने कमी झाला नाही, पण त्याची भीती बरीच कमी झाली.

तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण. अस्तर लालभडक, गाठ नाही. लाली पाहूनही डॉक्टर खूशच. सगळ्यांना हे लागू पडत नाही, हेही त्यांनी लपवलं नाही. गाठ परतली तर पूर्ण पिशवीच काढण्याचा विषय निघतो. सध्या मात्र देखभालीचे डोस ठरलेत: तिसऱ्या महिन्यात, सहाव्यात, मग दर सहा महिन्यांनी, तीन वर्षांपर्यंत. प्रत्येक फेरीत तीन.

"तीनच का?" मी विचारलं. मला खोक्याची शंका होती.

या वेळी उत्तर वेगळं आलं. जंतूशी एकदा ओळख झालेलं शरीर लवकर पेटतं, त्याला तीन पुरतात. त्यापुढे डोस वाढवले तर प्रतिकार उलट मंदावू शकतो. पहिला डोस पुढच्या मंगळवारी आहे.